बलभीमनानांच्या डब्याचा आवाज

बंद पडलेली वस्तू हातात आली की प्रेमानंद आधी ती कानाशी नेऊन हलवायचा. काढलेले स्क्रू काढल्या क्रमानं ओळीत मांडायचा. कामाला बसताना चपला काढायचा. ‘दुरुस्त झालं’ असं कधी म्हणायचा नाही. ‘बोलाया लागलं’ म्हणायचा. बजरंगला हे सगळं पाठ होतं. माणूस आवडला की पाठ होतो, तसा खुपला तरी होतो.

दोघं आयटीआयला एका बाकावर होते. पुढं बजरंगनं कळंबच्या स्टँडसमोर दुरुस्तीसाठी काचेचा गाळा घेतला. प्रेमानंदनं शेजारच्या लिंबाखाली टेबल टाकलं. लोक काचेसमोरून चालत टेबलाकडं जायचे.

बलभीमनाना मात्र गाळ्यात आले. रेल्वेच्या जुन्या छोट्या लाईनीवर ते रूळ सांभाळणारे गँगमन होते. पुण्याच्या लेकानं त्यांना हातभर लांबीचा, हुबेहूब रेल्वेसारखा खेळण्यातला डबा आणून दिला होता. ढकलला की आतून चाकांची खडखड यायची, मग शिट्टी. दसऱ्यापासून त्या खडखडीत खर्रखर्र मिसळली होती. रविवारी नानांचे जुने सोबती जमणार होते. त्यांना तो ऐकवायचा होता.

बजरंगनं डबा खालून उघडला. सेल बदलले. स्पीकरला मीटर लावला, स्पीकर ठणठणीत. दोन दिवस गेले. खर्रखर्र गेली नाही, उलट शिट्टीही बंद पडली.

“नाना, बोर्ड गेलाय. पुण्याहून मागवावा लागंल.”

“रईवारपस्तोर यील?”

“न्हाय.”

नानांनी डबा उचलला आणि लिंबाखाली गेले. बजरंग दारात येऊन उभा राहिला. एकदा तरी हरू दे याला, एवढंच त्याच्या मनात होतं.

प्रेमानंदनं डबा टेबलावर ढकलला. खर्रखर्र. मग त्यानं डबा उलटा धरला आणि बोटानं चाक फिरवलं. आवाज स्वच्छ. सरळ केला, पुन्हा खर्रखर्र.

“नाना, दसऱ्याला काकूंनी ह्याची पूजा केली व्हय?”

“केली की! गाडी हाय ती. हळद, कुंकू, अक्षता, समदं वाहिलं दगडाबाईनं.”

“मग गाडीच्या घशात अक्षता अडकल्यात.”

त्यानं डब्याचं छत काढलं. छताला बारीक भोकं होती, आणि खाली स्पीकरच्या कागदावर तांदळाची पिवळी कणी पडली होती. चिमट्यात धरून त्यानं ती नानांना दाखवली.

“आरं तिच्या! देवाचा परसाद गाडीनंच खाल्ला की!” नाना खदखदून हसले. चहावाला हसला. बजरंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दसऱ्याला त्यानं स्वतःच्या मीटरवर हळदकुंकू वाहिलं होतं. पूजेचं त्यालाच आधी सुचायला हवं होतं.

खालच्या बाजूला शिट्टीची तार तुटलेली होती. डबा उघडताना ती बजरंगच्याच हातून तुटली होती. प्रेमानंदनं तारेकडं पाहिलं, मग बजरंगकडं. बोलला मात्र वेगळंच.

“बाकी सगळं बजरंगनं तपासून दिलं हुतं, म्हणून लवकर घावलं. शिट्टी सकाळी करतो.”

शिवी दिली असती तर बजरंगला ती परत देता आली असती.

सकाळी लिंबाखाली टेबल नव्हतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून नेमणुकीचा हुकूम आला होता. प्रेमानंद पहिल्या एसटीनं सोलापूरला गेला होता. त्या नोकरीची परीक्षा दोघांनी दिली होती. बजरंग नापास झाला होता. प्रेमानंद पास झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी नाना डबा घेऊन आले. “डबा देऊन जाताना त्यो म्हणला, ऱ्हायलेलं बजरंगकडं द्या. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ हाय.”

“आसं म्हणला?”

“व्हय. किती येळ लागंल?”

“पाच मिन्टं.”

“मग कर की लेका.”

“ठेवा. बघतो.”

आज शनिवार. नाना दोनदा येऊन गेले. डबा गाळ्यातल्या काउंटरच्या काचेवर तसाच उघडा आहे. तुटलेल्या तारेच्या एका टोकाला प्रेमानंदनं जोडायचा कथलाचा डाग लावून ठेवलाय. बजरंगसाठी सोडलेलं दुसरं टोक अजून कोरडं आहे.