आईचा चौक

मी नाशिक सोडलं तेव्हा मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी रविवार कारंजावर उभी होती आणि आमचं घर आत, भांडीबाजारातल्या एका चौकात. संध्याकाळच्या वेळी त्या चौकात चारचाकी आणायची म्हणजे निम्म्या बाजाराच्या शिव्या खायच्या, त्यामुळे ड्रायव्हरने आधीच हात वर केले होते. माझ्या दोन मोठ्या बॅगा होत्या. त्या मी उचलल्याच नाहीत. एक बॅग खालच्या भांड्यांच्या दुकानातल्या वसंतकाकांनी खांद्यावर घेतली. दुसरी कुणी नेली हे गाडीपाशी पोचेपर्यंत मला कळलं नाही. वाटेत प्रत्येक दुकानासमोर थांबावं लागलं. निघाली का, किती वर्षांसाठी, तिकडे भाकरीचं पीठ मिळतं का. दोन वर्षांसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि तेव्हा ते खरंच होतं.

वडील दुकानाच्या ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "तिकडे खोली घेशील ती माणसं दिसतील अशी घे. स्वस्त मिळते म्हणून गावाच्या कडेला जाऊ नकोस." आई वर गॅलरीत होती. दोन्ही बॅगा वळणापर्यंत दिसतायत ना, एवढंच ती बघत होती.

मी गेले हॉलंडमधल्या एका मध्यम आकाराच्या गावी. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना अशी गावं माहीत आहेत: मध्ये एक मोठा चौक, त्यात चर्च, भोवती दुकानं, गाड्यांना बंदी, सायकलींचा राबता. वडिलांचं ऐकून मी तिथेच, एका बेकरीच्या वर खोली घेतली. पहाटे खाली पावाच्या ट्रेंचा खडखडाट सुरू झाला की मला अर्धवट झोपेत भांडीबाजार उघडल्यासारखा वाटायचा. चौकात लाकडी बाकं होती आणि त्यांवर म्हातारी माणसं कोट घालून उन्हाला बसायची. पहिली थंडी मी त्या बाकांच्या जोरावर काढली. भाषा येत नव्हती, पण शेजारी बसलेल्या माणसाला हवेबद्दल मान हलवून दाखवायला भाषा लागत नाही.

आमच्या चौकात बाकं नव्हती. ओटे होते. दुकान कुणाचंही असो, ओटा सगळ्यांचा, असा अलिखित कायदा होता. वसंतकाकांच्या दारात बसून माणसं समोरच्या दुकानातून घेतलेल्या कढईची घासाघीस सांगायची आणि काका ती ऐकून घ्यायचे. ओट्यावर बसलेल्या माणसाला 'काय पाहिजे?' असं विचारणं हा आमच्याकडे उद्धटपणा समजला जाई. आता हे लिहिताना कळतं की ही केवढी मोठी सोय होती. जगातल्या बहुतेक गावांच्या मध्यभागी बसायचं असेल तर कॉफी घ्यावी लागते.

आणि आमच्या चौकात रहाड होती. नाशिकबाहेरच्यांना सांगावं लागतं: रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध, जमिनीखाली बांधलेला चौकोनी दगडी हौद. वर्षभर तो जाड ओंडके आणि माती टाकून बुजवलेला असतो आणि वरून रिक्षा, हातगाड्या, गायी सगळं जात असतं. रंगपंचमी जवळ आली की पूजा करून तो उकरतात, गाळ काढतात, पाणी भरतात, फुलं उकळून केलेला रंग ओततात. मग पंचमीला लोक त्यात धपाधप उड्या मारतात. शहराच्या मध्यभागी, ऐन रस्त्यात, वर्षातून एकदा रस्ता बाजूला करून माणसं पाण्यात उतरतात, ही गोष्ट मी हॉलंडमध्ये ऑफिसात सांगितली तेव्हा एकाने विचारलं, "परवानगी कोण देतं?" परवानगी मागायची असते हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी त्या गावाचा चौक मंदावला. दुकानं सहाला बंद होत, दुकानांवरच्या खोल्यांत कुणी राहीनासं झालं, लोक खरेदी घरबसल्या करू लागले. मग नगरपालिकेने नागरिकांची सभा बोलावली. गावाचा मध्यभाग जिवंत कसा ठेवायचा, हा विषय. आम्हाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या आणि मनातलं लिहून भिंतीवर चिकटवा म्हणाले. लोकांनी लिहिलं: झाडं, दिवे, कारंजी, संगीत, मुलांसाठी झोके. मी लिहिलं, 'वर राहणारी माणसं आणि खाली बसणारी माणसं.' सभा घेणाऱ्या बाईंनी ते वाचून गोड हसून चिठ्ठी दिव्यांच्या रांगेत लावली. कारंजं झालं. छान आहे.

मी मात्र तोवर चौक सोडला होता. लग्न झालं, मुलगी झाली, बेकरीवरची जागा पुरेना. आम्ही गावाच्या कडेला बागेचं घर घेतलं. सगळे तसंच करतात. वडील तेव्हा होते. फोनवर म्हणाले, "बाग आहे ना? चांगलं झालं."

वडील गेल्यावर आई त्या दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहिली. माझा भाऊ नितीन, म्हणजे दादा, केव्हाच शहराच्या कडेला, पाथर्डी फाट्याकडे मोठ्या सोसायटीत राहायला गेला होता. आईला तो बोलवत होता, ती टाळत होती. मग एक दिवस तिला चौकातच एका स्कूटरवाल्याने ठोकलं. मनगट मोडलं. मी भाबडी नाही. त्या चौकाचं कौतुक करताना तिथे फुटपाथ नावाची गोष्ट नाही, वायरी डोक्याला लागतात आणि हॉर्नने कान किटतात, हे मला ठाऊक आहे. जिना अंधारा आणि चढा. दादाने फोनवर विचारलं, "तूच सांग, तिला तिथे ठेवायची?" मी म्हटलं, नको. आई दादाकडे गेली.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा आई नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसलेली होती. तब्येत उत्तम होती. वहिनी तिचं सगळं प्रेमाने करत होती, हे मुद्दाम लिहिते. खाली बाग, चालायला आखीव वाट, बाकंसुद्धा. मी तिला खाली नेलं. सकाळी दहा वाजता त्या वाटेवर आम्ही दोघी आणि एक माळी. आई बाकावर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल वर. इथे बसून बघायचं काय?"

वहिनी म्हणाली, "ताई, आई हल्ली बोलतच नाहीत हो. मी टीव्ही लावून देते." मी आईला विचारलं, काही दुखतंय का? ती म्हणाली, "काही दुखत नाही. काही होतच नाही इथे." मी ते हसण्यावारी नेलं नाही, पण उपायही सुचला नाही. दुसऱ्या दिवशी मी भांडीबाजारात गेले. चौकाच्या तोंडाशी झेंडू विकणाऱ्या सखूबाई पेठ तालुक्यातून येतात, कितीतरी वर्षं. त्यांनी मला पाहिल्यापाहिल्या विचारलं, "ताई, आई दिसत नाय? बरी हाये ना?" मी म्हटलं, बरी आहे. "मग येत का नाय?" त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं. सोसायटीत आईबद्दल असं विचारणारं कुणी नव्हतं, आणि चूक कुणाचीच नव्हती.

तरी आम्ही ठरवल्याप्रमाणे खोल्या सोडायच्या होत्या. घरमालक मागच्या गल्लीत राहतात. त्यांना भेटून महिनाअखेरीस जागा रिकामी करतो असं सांगायचं, म्हणून एका सकाळी आम्ही तिघं दादाच्या नव्या गाडीतून गेलो. दुकानं अजून उघडायची होती. चौक आश्चर्य वाटावं इतका मोकळा होता. दादा खूश झाला. "एवढी जागा इथे कधी मिळत नाही," तो म्हणाला आणि त्याने गाडी बरोबर मध्यभागी लावली. आई पुढच्या सीटवर होती. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण माझ्या लक्षात आलं नाही. दादा मालकांकडे गेला, आई वसंतकाकांच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसली, मी शेजारी.

थोड्या वेळाने पहारी आणि फावडी घेऊन माणसं आली. मागून वसंतकाका, हातात पूजेचं ताट. सगळे गाडीपाशी येऊन थांबले.

"ही कुणाची आणून ठेवली इथे?" काकांनी विचारलं.

"आमच्या नितीनची," आई म्हणाली.

काकांनी ताट सावरत आधी गाडीकडे, नंतर आईकडे पाहिलं. मग एकदम हशा पिकला. पंचमी तोंडावर आलेली, रहाड उकरायचा दिवस, म्हणून चौक रिकामा ठेवलेला, आणि लहानपणी याच रहाडीतून ज्याला कान धरून बाहेर काढावं लागायचं त्या माणसाने तिच्यावर गाडी लावली होती. काका डोळे पुसत आईला म्हणाले, "वहिनी, तुमचा मुलगा परगावचा झाला की हो."

दादाला फोन लावला तर तो गाडीतच वाजू लागला. वाट कोण बघणार? बाजारातली आणखी माणसं बोलावली, चारी बाजूंनी हात घातले आणि गाडी उचलून उचलून ओट्याला अशी चिकटवून ठेवली की ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना. आई उभी राहून सूचना करत होती. "आरसा सांभाळा. अजून थोडी पुढे. बास." कितीतरी महिन्यांनी मी तिचा तो आवाज ऐकला, गॅलरीतून भाजीवाल्याशी बोलायचा आवाज. मग काकांनी नारळ फोडला आणि खणणं सुरू झालं.

दादा परत आला, पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. आईने त्याला चिडवलं नाही. ती उठली, मोडून जुळलेलं मनगट पोटाशी धरून, दुसरा हात भिंतीला लावत जिना चढून वर गेली. बराच वेळ ती दिसली नाही. मग गॅलरीत आली.

"नितीन," तिने वरून हाक मारली, "मालकांना सांग, आम्ही जागा सोडत नाही."

"आई, त्यांना आत्ताच सांगून आलो."

"मग परत जा."

"अगं, पण जिना?"

"आत्ता चढले ना."

सगळा चौक ऐकत होता. तिथे खाजगी बोलायची सोय कधीच नव्हती. दादा मान खाली घालून मागच्या गल्लीत गेला. पंचमीपर्यंत राहू दे, असं आम्ही भावंडांनी एकमेकांना सांगितलं. पंचमीला केशरी रंगाचं पाणी आमच्या जिन्यापर्यंत उडालं, आई ओट्यावर बसून भिजली, आणि पंचमीनंतर तो विषय कुणी काढला नाही. नंतर दादाने जिन्याला स्टीलचा कठडा बसवून घेतला आणि दिवा लावला. तो अजून अधूनमधून मला विचारतो, "पडली तर?" मी म्हणते, तुझ्याकडे बाथरूममध्ये पडली तर तुम्ही दोघं नोकरीवरून येईपर्यंत कळणार नाही. चौकात पडली तर सखूबाई कुणाला तरी मला हॉलंडला फोन लावायला लावतील. त्याला हे पटत नाही. पूर्ण मलाही पटलेलं नाही. आईला पुन्हा स्कूटर लागू शकते. पण तिने ते गृहीत धरूनच निवडलं आहे.

आता घर कुठलं, असं मला दोन्हीकडचे लोक विचारतात. नाशिकमध्ये मी 'नितीनची बहीण, ती बाहेर असते ती'. इथे मी 'कोपऱ्यावरचं घर, निळं दार'. कुठेच कुणी वाईट वागत नाही. पूर्वी मला वाटे की घर म्हणजे आपण जिथून निघालो ते. ते काही खरं नाही; मी चौकात गेले तर ओट्यावर दहा मिनिटांत अवघडते, घड्याळ बघते. आता मला एवढंच सांगता येईल की ज्या जागेला आपण आलो-गेलो ते कळतं, ती जागा घर. त्या हिशेबाने आई घरी आहे.

दादाकडे असताना ती माझा फोन पहिल्या रिंगला उचलायची. मला ते सोयीचं वाटे. हल्ली फोन वाजत राहतो, कारण तो वर खाटेवर असतो आणि ती खाली असते. मग मी वसंतकाकांना लावते. "आहेत, आहेत, बोलतायत. देऊ का?" ते विचारतात. मी नको म्हणते.

गेल्या रविवारी तिनेच फोन केला. इथे दुपार होती. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आहे, नवरा कामासाठी बाहेर होता. छान ऊन पडलं होतं आणि बागेपलीकडचा रस्ता स्वच्छ, रिकामा होता. मी लगेच उचलला. पलीकडून भांड्यांचा आवाज, हॉर्न, कुणाचं तरी भांडण.

"पहिल्याच रिंगला उचललास," ती म्हणाली. "एकटीच बसलीयेस का गं घरात?"

मी हो म्हटलं.

"जरा बाहेर जाऊन बस कुठेतरी," ती म्हणाली, आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.