गाडीत केलेल्या सह्या

साहेबांची गाडी मी अकरा वर्षं चालवली. साहेब कोण, कोणत्या पक्षाचे, ते विचारू नका. मी सांगणार नाही, आणि सांगून काही फरकही पडत नाही. आपल्या हिंगोलीकडचेच, शेतकऱ्याच्या पोटचे, एवढं पुरे. माणूस मात्र असा, की आजही आठवण निघाली की माझे हात आपोआप जुळतात.

काय ती याददाश्त! पुसेगावच्या बाजारात एखादा म्हातारा समोर आला, की साहेब चालता चालता त्याचा हात धरणार आणि विचारणार, तुमच्या लाल्या बैलाचा पाय बरा झाला का? बैलाचा पाय मुरगळून दोन वर्षं उलटलेली असायची. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी मागं पिशवी धरून उभा, तोंडात बोट. कुणी चिठ्ठी दिलेली नसायची, कुणी कानात सांगितलेलं नसायचं. हजारो माणसं त्या एका डोक्यात नावगावासकट राहायला होती. देवानं हे डोकं कसं बनवलं असेल, असं मला दर वेळी वाटायचं.

पहिल्या दिवशी त्यांच्या पीएनं मला बाजूला घेतलं. पीए पूर्वी शाळेत शिक्षक होते, साहेबांवर जीव टाकणारे. त्यांनी सांगितलं, साहेबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, आणि साहेबांचं अर्धं काम गाडीतच चालतं. शिफारशीची पत्रं, लग्नाच्या शुभेच्छा, सगळ्यांवर सही गाडीत. सही वाकडी आली तर डॉक्टरांना नाही, तुला जाब विचारीन, असं म्हणाले.

मी ते मनावर घेतलं. जिल्ह्यातला एकेक खड्डा पाठ केला. कुठं डावं चाक साइडपट्टीवर घालायचं, कुठं ब्रेक खड्ड्याच्या आधी मारून आत गाडी मोकळी सोडायची, कुठं सरळ वावरातल्या वाटेनं काढायची, सगळं हातात बसलं. मोठ्या खड्ड्यांना मी नावं ठेवली होती. वर्षभरानं साहेब डोळे न उचलता पत्रामागून पत्र उडवायला लागले आणि सही अशी, जणू टेबलावर बसून केली. पीए मला आरशातून डोळ्यानं शाबासकी द्यायचे. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

तशी आमची सगळीच टोळी कामाची पक्की होती. पीए सकाळी पेपर वाचून दाखवायचे, पण साहेबांचं बीपी वाढेल अशी बातमी दुपारच्या जेवणानंतर, तीही सौम्य करून. अंगरक्षक गर्दीतल्या तावातावानं बोलणाऱ्याला खांद्यानंच मागं सरकवायचा, कारण धक्का लागला तर मणका. ऑफिसातला कारकून निवेदनं एका पानात आणायचा, कारण साहेबांचे डोळे दुखायचे. आमच्यातला एकही जण खोटं बोलत नव्हता. जो तो साहेबांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होता.

माझी लेक त्या वेळी एका आडगावात सासरी होती. डांबरी रस्त्यावरच्या फाट्यावरून आत चार-साडेचार किलोमीटर. तो रस्ता कागदावर रस्ता होता. साहेबांना घेऊन मी तिथून कैकदा गेलो होतो आणि कधी काही वाटलं नव्हतं. पण लेकीकडं जायचो मोटारसायकलवर, तेव्हा माझी हाडं मला एकेक खड्डा सांगायची. फाट्यापासून पहिलाच, बाभळीखालचा, त्याला मी हौद म्हणायचो.

लेक दुसऱ्या खेपेला गरोदर होती. पाचवा महिना. सासू आजारी, थोरलं लेकरू लहान, म्हणून हे बाळंतपण सासरीच करायचं ठरलेलं. मी गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. तिनं सांगितलं, अँबुलन्स फाट्यापर्यंतच येते, आत यायला ड्रायव्हर नाही म्हणतो. मागच्या वर्षी शेजारच्या बाईला बैलगाडीतून काढलं तर ती हौदापाशीच मोकळी झाली. बाई वाचली, लेकरू नाही. सांगताना तिचे हात थांबले नाहीत. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बाबा, तुमी रोज त्यायच्या शेजारी बसता. एक शबुद बोलत न्हाई का कधी?"

मी म्हटलं, बोलतो माय. येत्या आठवड्यात बोलतो.

बोलायची पाळी आपसूक आली. त्या गावची सात-आठ माणसं साहेबांच्या बंगल्यावर आली, पुढं माझे व्याही. त्या वर्षी कोणते रस्ते बांधायला घ्यायचे त्याची यादी होणार होती, आणि आमचं गाव तिच्यात घ्या एवढीच मागणी. साहेबांनी सगळ्यांना बसवलं, चहा दिला, व्याह्यांच्या वडिलांची चौकशी केली. मग खरंच नवल वाटल्यासारखं म्हणाले, त्या रस्त्याला काय झालं? मागच्या महिन्यात लग्नाला आलो तेव्हा गाडीत वीसेक सह्या केल्या, एक वाकडी नाही. त्याहून कितीतरी वाईट रस्ते पडलेत, आधी त्यांना देऊ. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. स्वतःच्या पाठीनं पाहिलेलं ते सांगत होते.

आणि मी दारात उभा, गाडीची चावी हातात. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे, खराब हाय का तो रस्ता?"

एवढ्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर मला विचारलं. पीए माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांतली सगळी शाबासकी माझ्या मानेवर येऊन बसली. मी म्हणालो, "तसा बरा हाय, साहेब."

व्याही माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि नमस्कार करून उठले. यादी गेली. गाव तिच्यात नव्हतं.

त्यानंतर मला अन्न गोड लागेना. तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, हे मला कळून चुकलं होतं. मग मी ठरवलं, हातानं सांगायचं. दोन महिन्यांनी साहेबांना त्याच गावात मयतीच्या घरी भेटायला जायचं होतं. फाटा आला, मी डोळे उघडे ठेवून गाडी हौदात घातली. मग त्याच्या पुढच्यात, मग त्याच्याही पुढच्यात. एक सोडला नाही. पीएंच्या मांडीवरची फाइल खाली पडली. साहेब पाठ धरून कळवळले. त्यांनी पत्र उचलून सही पाहिली. ती पार खालच्या ओळीत घसरली होती. ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, कळलं! आता काच खाली करतील, बाहेर बघतील.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तब्येत बरी न्हाई का रे तुझी? नीट दिसून राहिलं ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. नुसतं पाठवलं नाही, डॉक्टरला स्वतः फोन केला, माझा माणूस आहे, नीट बघा म्हणून. किती मोठं मन! मी त्या खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचत होतो आणि रडू आवरत होतो. डॉक्टर म्हणाले, नजर गरुडाची आहे. म्हणजे दोष ड्रायव्हरचा नाही, असं बंगल्यावर ठरलं. मग दोष कशाचा? गाडीचा. जुनी झाली.

महिन्याभरात नवी गाडी आली. अबब, काय गाडी! माणसाएवढी उंच, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. आम्ही हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. साहेब तिच्याभोवती लेकरासारखे हसत फिरले. ते विशीत असताना गोरेगावहून सेनगावला मोडक्या सायकलवर जायचे, ते मला त्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं.

लेकीला आठवा लागला होता. गावात बाळंतिणींची काळजी घेणाऱ्या आशाताईनं तिला बजावलं होतं, आता एकही दणका अंगावर घ्यायचा नाही. आणि साहेबांना तिच्याच गावात शाळेच्या खोलीचं उद्घाटन करायचं होतं. मी आदल्या दिवशीच देवासमोर शपथ घेतली, की या वेळी तोंड उघडायचं. नोकरी गेली तर गेली. हौदात चाक आदळलं, की त्याच क्षणी म्हणायचं, साहेब, माझं खोटं होतं, हा रस्ता असा आहे.

फाट्यावर वळलो. शब्द ओठावर आणून ठेवले. साहेब मागं दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर सह्या करत होते, गाडीत गार वारं, हळू आवाजात भजन लावलेलं. मी दणक्याची वाट बघत राहिलो. आता येईल, आता येईल. हाताला नुसती गुदगुली झाल्यासारखं होत होतं. तेवढ्यात पीए म्हणाले, चला, आलंच गाव. समोर गावाची कमान. हौद कधी गेला, मला समजलं नाही. मला, ज्याला जिल्ह्यातला खड्डा न् खड्डा पाठ!

साहेब उतरले. हलगी वाजत होती. त्यांनी पाठीवर हात दाबून पाहिला आणि चेहरा असा उजळला, की मला अजून दिसतो. गावकऱ्यांकडं वळून ते मनापासून म्हणाले, "रस्ता झाला की तुमचा!"

दोघातिघांनी वळून रस्त्याकडं पाहिलं. खरं सांगतो, मी सुद्धा मागं वळून पाहिलं, झाला का काय म्हणून.

ओवाळायला बायका उभ्या होत्या, त्यांत माझी लेक. पोटापुढं ताट जेमतेम धरलेलं. साहेबांना ओवाळून झाल्यावर ती गाडीला कुंकू लावायला माझ्या बाजूला आली. तिनं विचारलं नाही, बोललात का म्हणून. तिला दिसत होतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, माय, कपडे भर, साहेबांना सोडून मोटारसायकल घेऊन येतो, आजच तुला घरी घेऊन जातो.

तिनं गाडीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"कोण्या रस्त्यानं, बाबा?"