सुधाकरची हिरवी रेघ

आमचं गाव कवठे येमाई. तिथे कुणाच्या अंगात आलं की लोक पाया पडायला पुढे सरायचे आणि मी चपला घालून बाहेर पडायचो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस मी. जे मोजता येतं तेच खरं, असं आयुष्यभर मानलं. आता वय चौऱ्याहत्तर आहे, आणि पुढे जे लिहितोय ते मोजूनच लिहितोय...

२००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. नाव देत नाही. चौदा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते. नेटवर्क मधूनच रेंगाळायचं आणि सगळे माझ्या नावाने ओरडायचे. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला – स्क्रीनच्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी, तिच्यात प्रत्येक कॉम्प्युटरच्या नावाची एक ओळ, आणि ओळीपुढे हिरवी रेघ. कुठून किती वेगाने माहिती जातेय ते त्या रेघेवर दिसायचं. सगळे त्याला 'आप्पांचं मीटर' म्हणायचे.

ड्रॉइंग विभागातला सुधाकर दौंडच्या बौद्ध वस्तीतून रोज एसटीने यायचा. चाळिशीचा, हसरा. मीटर पहिल्यांदा पाहून म्हणाला, "आप्पा, ह्ये तर कंडक्टरवानी हाय. किती चढले, किती उतरले, येवढंच मोजतंय. कोन कुठं निगालंय, त्येला काय ठावं?"

"तुझ्यासारखे फुकटे तरी पकडेल," मी म्हणालो.

"मग आधी तुमालाच उतरवंल!"

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सगळे जेवायला गेले की, त्याच्या कॉम्प्युटरवरून ड्रॉइंगचा बॅकअप सर्व्हरवर जायचा. तो मीच लावून दिला होता. रेघ दहा मिनिटं एका उंचीवर संथ चालायची आणि खाली बसायची. सुट्टीच्या किंवा रजेच्या दिवशीही बॅकअप चुकू नये म्हणून सुधाकर आपला कॉम्प्युटर कधीच बंद करत नसे. बाकीचे रोज संध्याकाळी बंद करायचे.

एके दिवशी बॅकअपच्या वेळी त्याची रेघ एकदम उसळून चौकटीच्या वरच्या कडेला चिकटली. नेमकं त्याच आठवड्यात पुण्याच्या एका पार्टीकडे आमच्यासारखंच ड्रॉइंग सापडलं होतं. मोठे साहेब तेव्हा माझ्याच टेबलाशी उभे होते. "हे काय? एवढं काय पाठवतोय हा?" त्यांनी स्क्रीनची प्रिंट काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोंदी उघडल्या आणि पाच मिनिटांत चूक सापडली. चूक माझी होती. गाडीचं मीटर सगळे नऊ भरले की पुन्हा शून्यावर येतं, तसाच कॉम्प्युटरमधला आकडाही एका मर्यादेनंतर शून्यावर येतो. माझ्या प्रोग्रामला ते कळत नव्हतं. तो नव्या आकड्यातून जुना वजा करायचा आणि भलताच वेग दाखवायचा. बाकीचे कॉम्प्युटर रोज बंद व्हायचे, त्यांचा आकडा कधी भरलाच नाही. भरला तो फक्त सुधाकरचा – तो काम चोख करायचा म्हणून.

अकरा वाजता मीटिंग होती. सुधाकरने माझ्याकडेच पाहिलं. "आप्पा, सांगा की ह्यांस्नी. बॅकअप हाय त्यो. तुमीच लावून दिलाय."

दौंडच्या युनिटलाही हेच मीटर बसवायचं ठरत होतं. माझी बढती त्यावरच अवलंबून होती. मी म्हणालो, "मीटर दाखवतं ते दाखवतं."

एवढंच बोललो. बाजूचा एक अधिकारी म्हणाला, "शेवटी आपली लायकी दाखवलीच." 'आपली' म्हणजे कुणाची, ते खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो.

त्याच दिवशी त्याला काढलं. आसपासच्या कारखान्यांत फोन गेले, कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी यवतला एका झेरॉक्सच्या दुकानात लागला. आठ महिन्यांनी तिथेच कोसळला. हार्ट. तो गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं.

त्याची ओळ मी मीटरमधून केव्हाच काढली होती. नावं प्रोग्राममध्ये हाताने लिहिलेली होती, त्यामुळे आपोआप परत येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा कॉम्प्युटर स्टोअरमध्ये उघडा पडला होता – नेटवर्कचं कार्ड काढून दुसऱ्याला बसवलेलं.

बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक वाजून दहा मिनिटांनी, उरलेल्या तेरा ओळींची खिडकी उघडी असताना खाली चौदावी ओळ आली. सुधाकर. पुढे हिरवी रेघ – उसळलेली नाही, ती रोजची संथ. दहा मिनिटं चालली आणि बसली.

पर्चेसच्या शिंदेबाई डबा घेऊन मागे उभ्या होत्या. "आप्पा, सुधाकरचं अजून चालूच हाय व्हय?" त्या सहज म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. डबा तसाच घेऊन निघून गेल्या, आणि पुन्हा कधी माझ्या टेबलाशी आल्या नाहीत.

मी सगळं तपासलं. प्रोग्राममध्ये नाव नव्हतं. सर्व्हरवर काही पोचत नव्हतं. स्टोअरमधल्या कॉम्प्युटरला वीजही नव्हती. ओळ मात्र रोज येत राहिली. मी चूक दुरुस्त केली – दोन ओळींचं काम. तरीही आली. बढती मिळाली, रिटायर झालो. शिरूरच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे, त्याला इंटरनेट नाही, कसली वायर नाही. मीटर त्यात होतं. मी ते काढून टाकायला हवं होतं, काढवलं नाही. तिथेही एक वाजून दहा.

गेल्या महिन्यात दौंडला गेलो. सुधाकरची बायको, मालनबाई, आता म्हाताऱ्या झाल्यात. मी नाव सांगितलं तशी त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"त्येंनी तुमचं नाव कदी वंगाळ घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, आप्पा हुशार हायत, त्यास्नी मीटरमंदी चूक घावंल, मग बोलावत्याल मला. शर्ट इस्त्री करून ठिवला व्हता." मग थांबून विचारलं, "घावली व्हय चूक?"

"घावली."

"कवा?"

खोटं बोलणं सोपं होतं. एकदा बोललोही होतो. "दुसऱ्याच दिवशी. मीटिंगच्या आधी."

मी लिहून, सही करून नेलेला कागद पुढे केला – सुधाकरने काही चोरलं नव्हतं, चूक माझी होती. त्यांनी तो घेतला नाही.

"मला कशापायी? मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ज्यांस्नी ठावं न्हाई त्यास्नी द्या." आणि उठल्या. "पानी पिऊन निगा. ऊन लई हाय."

म्हणून हे इथे लिहितोय. तो कारखाना बंद पडला, मोठे साहेब गेले, ते अधिकारीही गेले. ज्यांना ठाऊक नाही असं आता कोण उरलंय, तेही मला माहीत नाही.

वाटलं होतं, सांगून टाकलं की थांबेल. दौंडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी ताट वाढून घेतलं आणि कॉम्प्युटरपुढे बसलो. एक वाजून दहा. ओळ आली. रेघ संथ चालली. कुठून येते, कुठे जाते, मला आजही सांगता येत नाही – माझं मीटर फक्त मोजतं. दहा मिनिटांनी ती बसली. जेवण तसंच होतं.

आजही आली.