पाचव्या सीटचे स्क्रू

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी गाडीखाली गेलो.

गाडी जावयाची. मूळची प्रवासी टेम्पो. त्यांनी ती जुनी विकत घेतली आणि नागपुरात एका कारागिराकडून आतून घरासारखी करवून घेतली. झोपायला फळी, शेगडी, भांड्यांचे कपाट, पाण्याची टाकी, टपावर सामानाचा पिंजरा. आदल्या संध्याकाळी ती मेडशीला माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. मुलगी, जावई, दहा वर्षांची नात आणि जावयाच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, असे चौघे उतरले. शनिवारी पहाटे पाचला कोकणात निघायचे होते. नऊ दिवसांचा प्रवास. पाचवा मी.

मुलीने महिनाभर आधी फोनवर सांगितले होते, "बाबा, तुमच्यासाठी येगळी सीट लावून घेतली. आता नाही म्हनू नका." मी नाही म्हणालो नव्हतो. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. या सहा वर्षांत मी अकोल्याच्या पलीकडे गेलो नाही. समुद्र मी पाहिलेला नाही. तुरीकडे लक्ष ठेवायला शेजाऱ्याला सांगितले, दोन सदरे शिवून घेतले, आणि बॅग भरून ठेवल्याला चार दिवस झाले होते. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

एकतीस वर्षे मी बस आगारात फिटर होतो. गाड्या रस्त्यावर पाठवणे हे माझे काम होते. त्यांत बसून जाणे हे इतरांचे. लांबच्या प्रवासाआधी गाडीचा प्रत्येक नट हाताने पाहायचा, ही सवय निवृत्तीने सुटली नाही.

पद्धत एकच. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करायची आणि गाडीला पूर्ण फेरी घालून तिथेच परत यायचे. मध्ये कोणी हाक मारली तर पाना त्याच नटावर अडकवून उठायचे, म्हणजे कुठवर आलो होतो हे आठवत बसावे लागत नाही. एक बोट नटाच्या कडेला टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने हातोडीचा हलका ठोका द्यायचा. घट्ट नट खणखणीत वाजतो. ढिला नट आधी बोटाला कळतो, मग कानाला.

पहिल्याच चाकाचे दोन नट अर्धा अर्धा आटा फिरले. उजव्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा यू-बोल्ट पाव आटा. सायलेन्सरच्या एका पट्टीला नट नव्हताच. जावई चहा घेऊन आले आणि गाडीशेजारी उकिडवे बसले.

"मामाजी, परवाच सर्व्हिसिंग करून आनली. पूर्ण चेक केली त्यायनं."

"हात काळे झाले होते त्याचे?"

जावई हसले. "ते नाही पाह्यलं."

"मंग चेक नाही केली. धुतली."

ओट्यावर विहीणबाई लसूण सोलत होत्या. त्यांना गप्प बसणे जमत नाही. त्या म्हणाल्या, "काहून वो ईवाई, तुमाले गाडीत बसून कोकनात याचं हाये का गाडीखाली लटकून?"

"खालून जे दिसते ते वरून नाही दिसत," मी म्हणालो.

"मंग समुद्रबी खालूनच पाहा."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

बाहेरचे बहुतेक काम अकरापर्यंत झाले, डावे मागचे चाक तेवढे राहिले. टपावरच्या पिंजऱ्याला बारा बोल्ट होते. चारांना वायसर नव्हते. ते माझ्याकडच्या डब्यातून घातले. मग आत गेलो. कपाटाच्या बिजागऱ्या, शेगडीची चौकट, सिलिंडरचा पट्टा पाहिला. शेवटी सीटा. चार सीटा कारखान्यातूनच आलेल्या होत्या. त्यांचे बोल्ट तळाच्या पत्र्यातून आरपार जाऊन खालच्या लोखंडी चौकटीत बसलेले होते. त्यांत काही कमी नव्हते.

पाचवी सीट मागे, डाव्या खिडकीशी होती. कव्हर नवे, पट्टा नवा. मी खालची चटई उचलली. चार पाय, प्रत्येक पायाला दोन स्क्रू. बोल्ट नव्हेत, सुतार दाराला लावतो तसले लाकडी स्क्रू, आणि तेही प्लायवूडच्या पातळ फळीत. पट्ट्याचे टोकही त्याच फळीला ठोकलेले होते. मी पुन्हा गाडीखाली गेलो. त्या जागी वर पाण्याची टाकी होती आणि चौकटीची तुळई तिथून हातभर दूर. नट लावायला काहीही नव्हते.

आत येऊन एका स्क्रूला पेचकस लावला. तो घट्ट होईना, नुसता फिरत राहिला. त्याच्याबरोबर लाकडाचा भुगा वर आला.

मी त्या सीटवर बसलो. खिडकी मोठी होती. रस्त्यापलीकडचे सोयाबीन काढून झालेले रिकामे वावर आणि त्यामागची फुलावर आलेली तूर दिसत होती. गाडीत दुसरे कोणी नव्हते. स्क्रूंची गोष्ट त्या वेळी फक्त मला ठाऊक होती. जावई सावकाश चालवतात. रस्ता आता चांगला आहे. नऊ दिवसांत कचकन ब्रेक मारण्याची वेळ कदाचित येणारही नाही. शिवाय सीट माझी होती. पडलो तर मी पडणार होतो. हे सगळे मी नीट विचारात घेतले. आमच्या आगाराच्या एका बसमध्ये धावत्या गाडीत वाहकाची सीट अशीच उखडून आली होती. जीव वाचला, पण त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. आणि तो ज्या म्हातारीच्या अंगावर जाऊन आदळला, तिचा काहीच दोष नव्हता. माझ्या सीटच्या पुढे नातीची सीट होती.

अर्ध्या तासाने मी खाली उतरलो आणि मुलीला म्हणालो, "मांगची सीट काढा लागते."

"काढा लागते म्हनजे? घट्ट करा ना. तुमाले तर सारंच घट्ट करता येते."

"लाकडात नाही होत."

जावयांनी आत जाऊन सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. "मामाजी, हालत तर नाही."

"गाडी उभी हाये तोवर नाही हालनार."

"मी साठच्या वर जातच नाही."

"समोरून येनाऱ्याले सांगसान का?"

मग नीट बसवायला काय लागेल ते त्यांनी विचारले. मी सांगितले. टाकी उतरवायची, शेगडीची चौकट सोडायची, एका तुळईपासून दुसरीपर्यंत दोन लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्डिंग करायच्या, मग आरपार बोल्ट. चार दिवस तरी लागतील.

"मंग चार दिवसांनं जाऊ," मुलगी म्हणाली.

जावयांनी मोबाइलमध्ये तारखा पाहिल्या. त्यांची रजा नऊच दिवसांची होती. त्यांत गैर काही नव्हते.

विहीणबाई ओट्यावरून उठून आल्या. "माह्या सीटवर ईवाई जातीन. मले राहू द्या इथंच. म्या का समुद्र पाहून हंडे भरनार हाओ?" पण आदल्या रात्री जेवताना त्यांनीच सांगितले होते की साऱ्या गल्लीला समुद्राचे पाणी आणून देण्याचे त्या कबूल करून आल्या आहेत, आणि त्यासाठी चार रिकाम्या बाटल्या घेतल्या आहेत. मी नको म्हणालो. नात म्हणाली, "आबा, मी फळीवर झोपून जाईन, तुम्ही माझ्या सीटवर बसा." फळीला पट्टा नाही, असे मी तिला सांगितले.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिचा आवाज चढला. "बाबा, खरं सांगा. तुमाले याचंच नव्हतं. म्हनून खोट काढली तुमी. मायच्या वक्ताले बी असंच. दरसाल जाऊ जाऊ म्हनत राह्यले, आन् दरसाल कोन्या ना कोन्या गाडीचं काम निंगालं."

त्यातले पत्नीच्या वेळचे खरे होते. खोट काढली या म्हणण्याचे उत्तर सीटखाली होते. तिला गाडीत नेले, चटई बाजूला केली आणि कोपऱ्यातला एक स्क्रू दाखवला.

"वढ."

"पेचकस द्या."

"नाही लागत."

तिने दोन बोटांनी ओढला. तो सहज हातात आला. तिने तो तळहातावर ठेवला, बराच वेळ पाहिला, आणि मग सीटच्या कव्हरवरून एकदा हात फिरवला. "कव्हर म्याच पसंत केलं होतं," एवढे म्हणून ती घरात गेली. पुन्हा तिने खोटीचा विषय काढला नाही.

उरलेल्या सात स्क्रूंपैकी चार बोटांनीच निघाले. सीट जावयांनी आणि मी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. फळीतली भोके पुट्टीने बुजवली, कारण पायाला कुसळ लागते. जेवण झाल्यावर मोकळ्या जागेचे काय करायचे यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तिथे चपलांची टोपली ठेवायचे ठरले. माझी फेरी डाव्या मागच्या चाकाची राहिली होती, ती पूर्ण केली. तिथे सर्व ठीक होते.

चार वाजता प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली, नटापासून चाकाच्या पत्र्यापर्यंत. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली होती. मी तिला सांगितले की गाडी थांबेल तेव्हा रेघा पाहायच्या. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला असे समजायचे, आणि तो घट्ट केल्याशिवाय पुढे जायचे नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरला सगळे नट एकदा पान्याने पाहायचे.

"आन् रेघ नाही तुटली तर?"

"मंग समुद्र पाहाचा."

तिने पाना हातात घेऊन एक नट स्वतः आवळून पाहिला. जोर बरोबर होता. एक रेघ मात्र तिच्या हाताने पुसली. ती मी पुन्हा ओढली.

सगळे सातला जेवले आणि पहाटे उठायचे म्हणून लवकर झोपायला गेले. मी ओट्यावर बसलो. दूधवाल्याला मी नऊ दिवस येऊ नको म्हणून सांगितले होते. त्याला फोन लावला आणि उद्यापासून नेहमीप्रमाणे अर्धा लिटर घाल, असे सांगितले.