लॅम्प्रे सरांनी वगळलेला धडा

वसमतच्या कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे सर लॅम्प्रे नावाच्या एका माशावर आठ-आठ दिवस घालवायचे आणि माणसात मुलगा-मुलगी कशानं ठरतं, हा धडा मात्र ‘घरी वाचा’ म्हणून उलटायचे. पोरं त्यांना लॅम्प्रे सरच म्हणत.

हा बिनजबड्याचा मासा आपल्या आसना नदीत सोडा, देशातही सापडत नाही. सर मात्र त्याच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलत. “पिल्लू वर्षानुवर्षं चिखलात राहतं. नर न्हाई, मादी न्हाई. पुढं काय व्हायचं ते त्याच्या वाढीवर असावं, असं दिसतं. लोक गुणसूत्र शोधून राहिले, पण अजून बराबर उलगडलं न्हाई.” मग फळा पुसता पुसता हमखास म्हणायचे, “त्याच्या मायला कुणी बोल लावत न्हाई, बघा.” आम्ही हसायचो. अक्कल होती कुठं!

एकदा मी विचारलंच, “सर, माणसात कुणामुळं ठरतं?”

“बापामुळं,” एवढंच म्हणाले आणि तास अर्धा टाकून निघून गेले.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. आपल्या निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना सर आपणहून बोलले. “तीन पोरी झाल्या. माझी माय बायकोला रोज टोचायची. तवा मी वर्गात मुलगा-मुलगीचा धडा शिकवून घरी जायचो अन् मुकाट जेवायचो. चौथ्या बाळंतपणात ही गेली. मायला एक वाक्य सांगायचं होतं, बाई. न्हाई सांगितलं.” मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. वर्षभरात सर गेले, पण ते न बोललेलं वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

परवा कुरुंद्याला, आमच्या घरी, जावेला दुसरी मुलगी झाली. सासूबाई खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “हिच्या कुशीत पोरगं न्हाईच.” जाऊ भिंतीकडं तोंड करून पडली होती. दीर ताटावर होते. मान खाली घालून जेवत राहिले. ते बघितलं आणि मी पुढं झाले.

“आत्याबाई, ते बाईच्या हातात नसतं. बापाच्या बीजावर ठरतं,” मी म्हणाले. “पुस्तकात हाय. मी शिकवते.”

आता घर डोक्यावर घेतील, असं वाटलं. त्या हळूच खाटेच्या कडेला टेकल्या. दोन मुलांच्या आधी त्यांना चार मुली झालेल्या. त्यांनी तान्ह्या लेकराकडं बघितलं.

“व्हय?” त्या म्हणाल्या. “मग मी मार खाऊन राहिले होते, तवा काहून न्हाई सांगितलं कुणी?”