शून्य आकाराच्या फायली

कॉलेजच्या कॉम्प्युटरमधल्या शून्य आकाराच्या सगळ्या फायली मी एकदा पुसून टाकल्या. नवी नवी ऑपरेटर, अंगात साफसफाईचा भारी उत्साह! रिकाम्या दिसणाऱ्या त्या फायली म्हणजे प्रिंटर, टेप, डिस्क यांची कॉम्प्युटरला ठाऊक असलेली नावं, हे या शहाणीला कुठे माहीत? नाव गेलं आणि त्याला शेजारचा प्रिंटर ओळखू येईना. परीक्षा दुसऱ्या दिवशी, आणि मुलांची हॉलतिकिटं छापायची राहिलेली.

आज नातीनं पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटरनं आपणहून त्याच्या नावाची तशीच फाइल तयार केली, आणि काढताच मिटवलीही. मी बघतच राहिले.

"आजी, त्यात काय एवढं?"

अगं, आल्यागेल्याला दारातच ओळखायचं, तेही कुणी न सांगता! आम्हा माणसांना हे कुठे जमतं? नवीन माणूस कोपऱ्यात उभाच राहतो.

आमच्या वेळी ती नावं एकेक करून, प्रत्येक यंत्राचे ठरलेले आकडे बघून, हातानं द्यावी लागत. त्या संध्याकाळी आमच्या सरांनी माझ्याशेजारी बसून ती सगळी पुन्हा दिली. प्रिंटर खडखडू लागला, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. सर म्हणाले, "असू द्या हो, बाई. गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं. तेव्हा शेजारी बसायला कुणी नव्हतं."