वोल्टरने दिलेला खांदा

वोल्टर हेसेलिंक हा आमच्या वस्तीतला सगळ्यात हट्टी माणूस, आणि हे मी त्याच्या बायकोसमोरही बोलते. ती, हर्मिन, वर मानही डोलावते. आमच्या आख्टरहूकमध्ये, हॉलंडच्या या पूर्वेकडच्या टोकाला, हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण वोल्टर त्यांतही पहिल्या नंबरचा. तरुणपणी दुधाचे भरलेले कॅन दोन्ही हातांत घेऊन गोठ्यापासून रस्त्यापर्यंत गप्पा मारत यायचा. मग गाई विकल्या आणि तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, तो बसलाच.

हळूहळू मांड्या वाळल्या. पँट मागून लोंबायला लागली. खुर्चीतून उठताना तो टेबलाची कड धरून स्वतःला ओढायचा, आणि कुणी बघतंय असं वाटलं की टेबलाखाली काहीतरी पडल्याचं सोंग करायचा.

ब्लडप्रेशरची गोळी कित्येक वर्षं चालू होती. बिलियर्ड्स खेळताना कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की म्हातारपणी या गोळ्याच स्नायू खातात. झालं, वोल्टरला चोर सापडला! गोळ्या बंद. हर्मिनला कळलं तेव्हा तिने त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"गोळ्यांनी नाही, खुर्चीने खाल्ल्यात तुमच्या मांड्या," बाई म्हणाल्या. "वय आहेच. उठताना चक्कर येत असेल तर सांगा, गोळी बदलून देते. पण मनानेच बंद करायची नाही. उलट यातल्या काही गोळ्या स्नायूंना मदत करतात का, याचा अभ्यास चाललाय. तुम्ही व्यायामाच्या वर्गाला जा."

गेला. वर्ग गावाच्या हॉलमध्ये भरायचा. त्याने काचेतून डोकावून पाहिलं, तर आत त्याच्याच वयाच्या बायका खुर्चीतून उठत होत्या आणि पुन्हा बसत होत्या. तसाच घरी परत आला.

"उठायला-बसायला शिकू त्यांच्यासमोर?" तो हर्मिनवर खेकसला. "शाळेत माझ्या वर्गात असलेल्या मुली आहेत त्या!"

गोळी पुन्हा सुरू झाली. वर्गाचं नाव मात्र त्याने काढू दिलं नाही.

अशात बेरेंड गेला. त्याचं घर वोल्टरच्या घराला लागून, म्हणून वोल्टर त्याचा पहिला शेजारी. आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांनी फक्त रडायचं, बाकी सगळं शेजारी बघतात. शवपेटीही शेजारीच उचलतात आणि पुढच्या टोकाला पहिला शेजारी असतो. हा मान कुणी सोडत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही शेजारी बेरेंडच्या स्वयंपाकघरात कामं वाटून घ्यायला जमलो. बेरेंडची बायको दिना टेबलाच्या टोकाला बसली होती. कोपऱ्यावरच्या घरातला यूरियन, चाळिशीचा साधा माणूस, घसा खाकरून म्हणाला, "वोल्टरकाका, हल्ली चाकांची गाडी मिळते. पेटी तिच्यावर ठेवायची आणि आपण बाजूने चालायचं. बरं दिसतं तेही."

"बेरेंड म्हणजे तुला बटाट्याचं पोतं वाटलं काय?" वोल्टर कडाडला. "चाकांवरून नेतोय त्याला! मी जिवंत असताना माझ्या शेजाऱ्याला खांदा मिळणार नाही होय?"

यूरियन लाल झाला. दिना कपात बघत राहिली. वोल्टरची टेबल धरून उठायची कसरत आम्ही सगळेच पाहत होतो, पण तोंड कुणी उघडावं? शेजाऱ्याची अब्रू अशी भरल्या घरात काढवत नाही.

दफनाच्या दिवशी वोल्टर पुढे उजव्या बाजूला होता. चर्चपासून कबरीपर्यंतची वाट खडीची आणि थोडी चढाची. मी मागून चालत होते. अर्ध्या वाटेत त्याच्या पँटचा पाय थरथरताना मला दिसला. थांबा म्हण रे बाबा, एकदा थांबा म्हण, असं मी मनात विनवत होते. तो म्हणाला नाही.

त्याचा गुडघा दुमडला. पेटीचा कोपरा खाली गेला, फुलं घसरली आणि आत बेरेंड सरकल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्याच्यामागे खांदा देणाऱ्या यूरियनने पाठ खाली घातली म्हणून पेटी वाचली. वोल्टर खडीवर रांगत होता. त्या व्यायामाच्या वर्गातल्याच दोघींनी त्याला काखेत हात घालून उभं केलं. अंत्यविधीवाल्याने गाडी आणली आणि बेरेंड पुढे चाकांवरून गेला.

दफनानंतर सगळ्यांना कॉफी असते, तिला वोल्टर आत आलाच नाही. बाहेर सायकलींजवळच्या बाकावर बसून राहिला. मी त्याच्यासाठी मनुकांचा पाव घेऊन गेले, तोवर दिनाही आली.

"पायाखाली खडा आला, दिना," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "खडा नव्हता गं. पायच राहिले नाहीत माझे. मला लाज वाटत होती. माझ्यामुळे आज त्याची…"

"बेरेंडला माहीत होतं," दिना त्याच्या शेजारी बसत म्हणाली.

"काय?"

"तुझे पाय. हॉस्पिटलमध्ये त्याने मला सांगून ठेवलं होतं की गाडीच आणा. वोल्टरला झेपायचं नाही आणि तो नाही म्हणायचा नाही. चारचौघांत त्याला खाली बघायला लागू नये. यूरियनला बोलायला मीच लावलं होतं."

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंस मला?"

"तू बटाट्याचं पोतं म्हणालास, वोल्टर. सगळ्यांसमोर. मग कशी सांगू, की ती गाडी माझ्या नवऱ्याने तुझ्यासाठीच मागून घेतलीय?"

वोल्टरने टोपी काढून तोंडावर धरली आणि आमच्यादेखत रडला.